नग्गरहून, मालाडच्या पत्त्यावर

प्रिय आई-बाबा,

काल फोनवर आईने तीनदा विचारलं स्वेटर घातलास का आणि तेवढ्यात रेंज गेली, म्हणून लिहितोय. घातलाय गं. ऑक्टोबरात इथे दुपारी मस्त ऊन असतं, पण सूर्य डोंगराआड गेला की दात वाजायला लागतात.

बाबा, आधी तुमच्या कामाचं. नग्गर हे मनालीपासून वीसेक किलोमीटर, बियासच्या डाव्या काठाला वर चढावर. मी इथे आलो निकोलाय रोरिकची चित्रं बघायला. रशियन माणूस, 1928 च्या सुमारास बायकोमुलांसह इथे येऊन राहिला आणि 1947 मध्ये इथेच गेला, घराच्या खालच्या उतारावर त्याच्या नावाचा मोठा दगड आहे. खाली चित्रं, आणि वरच्या राहत्या खोल्या बाहेरूनच काचेतून बघायच्या. तर बघता बघता फोटोत कोण दिसावं, देविका राणी! अहो ती या घरची सून. 1945 मध्ये सिनेमा सोडून तिने रोरिकच्या मुलाशी, स्वेतोस्लावशी लग्न केलं, तोही चित्रकारच. म्हणजे तुम्ही तेवीस वर्षं ज्या बॉम्बे टॉकीज कंपाउंडमध्ये लेथवर उभे राहिलात तो स्टुडिओ, तिने आणि हिमांशू रायने 1934 मध्ये काढलेला, तो सोडून ती या देवदारांमध्ये आली होती. तुम्ही मला लहानपणी शेडच्या मागची पडकी भिंत दाखवून सांगायचात ना, इथे शूटिंग व्हायचं म्हणून, मला तेव्हा थाप वाटायची, सॉरी.

मी इतका एक्साइट झालो की तिथल्या गार्डला म्हटलं, मेरे पिताजी इनके स्टुडिओ में काम करते थे. तो म्हणाला, हीरो थे? म्हटलं नाही, टर्नर. त्याला काही कळलं नाही पण चहा पाजला त्याने.

आता आई तुझं. दसऱ्याला आपल्याकडे सगळं संपतं ना, कुल्लूत त्या दिवशी सुरू होतं आणि सात दिवस चालतं. ढालपूरच्या मैदानात रघुनाथजीचा लाकडी रथ दोरखंडांनी ओढतात, आणि रावणाचा पुतळा वगैरे जाळतच नाहीत. गावोगावचे देव खांद्यावरून येतात, पितळी-चांदीचे मुखवटे लावलेले, आणि ते देव नाचतात गं, एकमेकांना भेटतात, डोलतात, मध्येच रुसल्यासारखे मागे फिरतात. अगदी आपल्या गुहागरकडच्या शिमग्यातल्या पालखीसारखं! तू असतीस तर पदर खोचून खांदा द्यायला गेली असतीस. फक्त ढोलाबरोबर तिथे नरसिंगा वाजतो, आपल्या तुतारीचा भाऊच. म्हणतात सतराव्या शतकात राजा जगतसिंहाने गादीच रघुनाथजीला देऊन टाकली आणि स्वतः सेवक म्हणून राहिला. (आपल्या सोसायटीच्या चेअरमनला हे ऐकवायला हवं.)

नग्गरचा जुना राजवाडा पण पाहिला, आता तिथे सरकारी हॉटेल आहे. लाकूड आणि दगडाचे थर एकावर एक, सिमेंट नाही, 1905 च्या भूकंपात आजूबाजूचं पडलं पण हा उभा राहिला. बाबा तुम्ही सांधे बघत तासभर तिथेच बसला असतात.

खाण्याचं म्हणशील तर सिड्डू. कणीक आंबवून आत अक्रोड-खसखस भरून वाफवायची आणि वर तूप, तुझ्या मोदकांचा पहाडी चुलतभाऊ पण साधा, कळ्याबिळ्या काही नाहीत. दोन खाल्ले की रात्रीचं जेवण बाद. शाल मात्र फसून घेतली, हातमागाची म्हणून मशीनची गळ्यात मारली, किंमत विचारू नकोस.

पुढच्या दसऱ्याला तुम्ही दोघं चला, खरंच. रोरिकच्या घराकडे चढ आहे पण गाडी जाते, गुडघ्याचं कारण चालणार नाही.

आणि बाबा, संध्याकाळी चालायला जाल तेव्हा कंपाउंडच्या त्या पडक्या भिंतीचा एक फोटो काढून पाठवा, शक्यतो परवाच्या आत. निघायच्या आधी त्या गार्डला दाखवीन म्हणून कबूल केलंय.

तुमचा,
बंड्या