सोलापूरच्या पूर्व भागातल्या आमच्या मेडिकलवाल्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

दुकानात गर्दी असते, तुम्ही पट्ट्या मोजता मोजताच बोलता. म्हणून लिहून कळवतेय.

आईला बीपी निघाल्यापासून गोळ्या तुमच्याकडूनच. घरात कुणी विचारलं की ती म्हणायची, ‘घेतली की.’ महिन्याच्या गोळ्या तिला दोन महिने कशा पुरतात, हे मात्र तुमच्याच लक्षात आलं. आणि विचारलंत तेही बाकीची गिऱ्हाइकं गेल्यावर, तेलुगूत. डॉक्टरांपुढे नुसती मान हलवणारी आई तुमच्यापुढे बोलली: गोळी सुरू झाल्यापासून घोटे सुजतात. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या, त्यात पाय असे जड. मग तिने आपल्या मनानेच एक दिवसाआड गोळी सुरू केली. डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग बिघडलं काय?

तुम्ही रागावला नाहीत. अमलोडिपिनने, म्हणजे तिच्या या बीपीच्या गोळीने, काहींचे पाय सुजतात, अम्मा खोटं बोलत नाहीत, हे आधी कबूल केलंत. (घरात आम्ही सगळे ‘बसून बसून सुजले असतील’ म्हणत होतो.) मग सांगितलंत, की बीपी वाढलं तरी बहुतेकांना काही जाणवत नाही, मेंदू, हृदय, किडनीवर ताण मात्र पडतच राहतो. गोळी आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना पाय दाखवा. तुम्ही दुसरी गोळी काढून दिली असती तर आम्ही निमूट घेतली असती. ती दिली नाहीत, याचे आभार सगळ्यांत जास्त.

डॉक्टरांनी मोजलं तर 170/100. अमलोडिपिन पाचाची अडीच मिलिग्रॅम केली, जोडीला टेलमिसार्टन 40 ही बीपीचीच दुसरी गोळी दिली, रक्त तपासलं. सूज उतरली, बीपीही आता 140/90 च्या खाली असतं.

जनऔषधी दुकानात हेच औषध स्वस्त पडेल, हेही तुम्हीच सांगितलंत. धंद्याला बसून असं कोण सांगतं?

शेंगाचटणी तेवढी सुटलेली नाही. दिवसाचं सगळं मिळून मीठ चमचाभराच्या आत, हे तुमचं म्हणणं ती ऐकते, म्हणून कुटताना मीठ निम्मं घालते आणि जेवताना तुमच्या नावाने कुरकुरते.

पुढच्या खेपेला ती तुम्हालाच विचारणार आहे, तुमचं बीपी शेवटचं कधी मोजलं म्हणून. उत्तर तयार ठेवा.

तुमची,
विडीवाल्या अम्मांची थोरली