डॉलरवरचा पिरॅमिड आणि नंबरातली चांदणी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत एक डॉलरच्या नोटेवरचा डोळा, पिरॅमिड आणि कोपऱ्यातले 'घुबड' यांवर अर्धे पान खर्ची पडले. पिरॅमिडच्या तेरा पायऱ्या म्हणजे मूळची तेरा राज्ये, पायथ्याचे रोमन आकडे म्हणजे १७७६. हे अमेरिकेच्या राजमुद्रेचे चित्र १९३५च्या सिरीजपासून (सिरीज म्हणजे नोटेवर छापलेल्या वर्षाची मालिका) प्रत्येक एक डॉलरवर आहे. त्यामुळे त्याला जास्तीचा एक पैसाही मिळत नाही. घुबड तर बघणाऱ्याच्या डोळ्यातले!

परदेशातल्या लेकीसुनांनी दिलेल्या नोटा नाशकात घरोघरी आहेत. त्यांनी आधी नंबर पाहावा. आठ आकड्यांनंतर अक्षराऐवजी चांदणी असेल, तर ती बदली नोट. छपाईत ताव खराब झाला की तोच नंबर पुन्हा छापत बसत नाहीत, चांदणीची नोट घालून गड्डी पुरी करतात. मात्र प्रत्येक चांदणी दुर्मीळ नसते. एक डॉलरच्या स्टार, म्हणजे चांदणीच्या, नोटांची खेप साधारण ३२ लाखांची असते. ६ लाख ४० हजार किंवा त्याहून लहान खेपेलाच संग्राहक विचारतात.

सर्वांत गमतीची गोष्ट २०१३च्या सिरीजची. न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेच्या, म्हणजे 'बी' अक्षराच्या, एक डॉलर स्टार नोटा वॉशिंग्टन आणि फोर्ट वर्थ या दोन्ही छापखान्यांत त्याच नंबरांनी छापल्या गेल्या: ०००००००१ ते ००२५०००० आणि ०३२००००१ ते ०९६०००००, आकड्यांपुढे 'बी' आणि शेवटी चांदणी. ओळखायची खूण एकच. दर्शनी बाजूला उजवीकडे खाली प्लेटचा बारीक नंबर असतो. त्याआधी 'एफडब्ल्यू' असेल तर नोट फोर्ट वर्थची, नसेल तर वॉशिंग्टनची. भिंग घ्याच. एकाच नंबरच्या दोन्ही छापखान्यांच्या नोटा जुळल्या तर जोडीला किंमत, एकटीला फारशी नाही. आणि सिरीजचे वर्ष म्हणजे छपाईचे वर्ष नव्हे.

नोट धुऊन, इस्त्री करून 'नवी' करणारे महाभाग भेटतात. इस्त्रीने छपाईचा उठाव बसतो, धुण्याने कागदाचा करकरीतपणा जातो आणि जाणकाराला ते बोट फिरवताच कळते. लॅमिनेशन, चिकटपट्टी, रबरबँड नकोच. पीव्हीसीच्या स्वस्त पाकिटातून निघणारा तेलकट अंश पावसाळी दमटपणात कागदाला चिकटतो. पॉलिएस्टरचे पाकीट घ्या आणि नोट कडेने धरा.

१९२८ पासून नोटा छापणाऱ्या नाशिकरोडच्या वाचकांना एवढे सांगितलेच पाहिजे की, आपल्याकडेही २००६ पासून बदली नोटांवर चांदणी येते. ती शेवटी नव्हे, तर सुरुवातीची अक्षरे-आकडे आणि पुढचा नंबर यांच्या मधोमध. ७८६ शोधताना नजर तिथेही जाऊ द्यावी.

— काही नोटसंग्राहक, नाशिकरोड