मागच्या स्प्रिंगा कापून गाडी खाली केल्याबद्दल तक्रार

पुणे
दि. 8 डिसेंबर 2025

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग
(पत्ता पाकिटावर लिहिल्याप्रमाणे)

विषय : पावतीवर चार लोअरिंग स्प्रिंगा दाखवून प्रत्यक्षात दोनच बसवल्याबद्दल, गाडीच्या मूळ स्प्रिंगा न विचारता कापल्याबद्दल आणि झालेल्या नुकसानीच्या भरपाईबाबत.

महोदय,

माझ्या 2019 सालच्या हॅचबॅकसाठी मी आपल्याकडून लोअरिंग स्प्रिंगांचा, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड स्प्रिंगांचा, संच विकत घेतला आणि शनिवार, दि. 23 ऑगस्ट 2025 रोजी आपल्याच पुण्यातील केंद्रात तो बसवून घेतला. संच व मजुरी मिळून 31,500 रुपये त्याच दिवशी भरले. आपल्या पावतीवर ‘लोअरिंग स्प्रिंग, 4 नग, 30 मिमी’ असे छापलेले आहे. प्रत्यक्षात आपल्या दोनच स्प्रिंगा गाडीला लागल्या, त्याही पुढच्या. मागच्या दोन्ही माझ्या गाडीच्या मूळच्याच होत्या आणि त्या ग्राइंडरने कापून आखूड केलेल्या होत्या. ही गोष्ट मला आपल्याकडून कळली नाही. जवळजवळ तीन महिन्यांनी, 14 नोव्हेंबरला, टायरच्या दुकानात काम करणाऱ्या मुलाने ती दाखवली.

गाडी खाली करण्याची हौस माझीच होती, हे मी आधीच मान्य करते. मात्र हौस असली तरी मी डोळे मिटून आले नव्हते. काम सुरू होण्यापूर्वी आपल्या तंत्रज्ञासमोरच मी टेप लावून जमिनीपासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची मोजली होती. ती पुढे 670 आणि मागे 675 मिमी भरली, आणि हे आकडे आपल्याच जॉब कार्डाच्या मागच्या बाजूला लिहिलेले आहेत. पुढेमागे गाडी मूळ स्थितीत आणायची वेळ आली तर हाताशी असाव्यात म्हणून चारही जुन्या स्प्रिंगा परत द्याव्यात, अशी सूचनाही मी त्याच कार्डावर लिहून घेतली होती. संध्याकाळी मला एक खोके मिळाले. त्यात पुढच्या दोन स्प्रिंगा होत्या. मागच्या दोन ‘भंगारात गेल्या, पुढच्या आठवड्यात शोधून देतो’ असे सांगण्यात आले. त्या भंगारात नव्हत्या. माझ्याच गाडीखाली होत्या आणि मी त्यांच्यावर बसूनच घरी आले.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सपाट आवारात पुन्हा मोजले, तेव्हा पुढची उंची 640 मिमी, म्हणजे ठरल्याप्रमाणे 30 मिमी कमी होती. मागची मात्र 622 निघाली, म्हणजे मागून गाडी 53 मिमी उतरली होती. फोनवर हे सांगितल्यावर ‘स्प्रिंगा अजून बसतायत मॅडम, थोडे दिवस चालवा’ असे उत्तर मिळाले. नवी स्प्रिंग पहिल्या काही दिवसांत किंचित बसते, हे खरे आहे. पण बसली की गाडी आणखी खाली जाते, वर येत नाही, एवढे आपल्या कंपनीत कोणाला तरी ठाऊक असायला हवे होते.

गाडी मागून अधिक खाली गेली की तिचे नाक वर उठते आणि दिव्यांचा झोतही वर जातो. सासवडला माझे माहेर असल्याने बोपदेव घाटातून रात्रीचे येणे-जाणे असते. समोरचे प्रत्येक वाहन मला अप्पर-डिप्पर करू लागले, तेव्हा सुरुवातीला मला वाटले की माझाच अप्पर चालू राहिला आहे. घाटात समोरच्याचे डोळे दिपणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. गाडीची उंची बदलल्यावर दिव्यांचा झोत भिंतीवर पाडून पुन्हा लावून घेणे हा या कामाचाच भाग आहे. तो आपण केला नाही.

गतिरोधकांवर मागून खणकन आवाज येऊ लागला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकानुसार गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच असावा. आमच्या गल्लीतले गतिरोधक कोणत्या मानकात बसतात हा प्रश्न मी महापालिकेसाठी राखून ठेवते. परंतु गाडीखाली मुळात 165 मिमी जागा असताना 30 मिमी उतरवूनही मानकातला गतिरोधक सहज पार होईल, हा आपल्या विक्रेत्याने मांडलेला हिशेब ऐकूनच मी होकार दिला होता. मागे दोन माणसे बसली की सायलेन्सर घासू लागला, कारण तो हिशेब 53 मिमीचा नव्हता.

14 नोव्हेंबरला पुढचे टायर दाखवायला नेले. जेमतेम 2,800 किलोमीटरमध्ये दोन्ही टायरची आतली कड झिजून गुळगुळीत झाली होती, बाहेरची मात्र जवळजवळ कोरी होती. गाडी खाली केल्यावर पुढच्या चाकांचे कोन बदलतात आणि त्यासाठी अलाइनमेंट नव्याने करावी लागते. आपल्या पावतीत ‘अलाइनमेंट’ या ओळीपुढे रक्कम आहे, पण त्याचा छापील अहवाल मागूनही मला मिळालेला नाही.

मग मागचे चाक पाहण्यासाठी गाडी जॅकवर घेतली, आणि चाक लोंबकळताच आतली स्प्रिंग आपल्या बैठकीवरून सुटली. त्या मुलाने ती दोन बोटांनी गोल फिरवून दाखवली. कंपनीतून येणाऱ्या या स्प्रिंगेचे टोक आत वळवून निमुळते केलेले असते आणि ते रबरी बैठकीत नेमके बसते. इथे ते टोकच गायब होते. त्या जागी ग्राइंडरचा तिरका काप होता, कापाशेजारचा रंग जळलेला होता, पोलादावर निळसर छटा आली होती आणि त्यापुढे गंज धरू लागला होता. रबरी बैठकीला त्या कापाने खाच पाडली होती. चाक खड्ड्यात उतरले असताना स्प्रिंग अशी सुटी होत असेल, तर चाक वर येताना ती पुन्हा जागेवर बसेलच याची खात्री कोण देणार? त्याशिवाय वेटोळे कमी केले की स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, ती ताठही होते. शॉकअप मात्र मूळचाच आणि त्याला हालचालीसाठी जागा थोडी उरलेली. डावा मागचा शॉकअप तेल गळताना सापडला, याचे मला आश्चर्य वाटले नाही. मी गाडी तिथेच ठेवली आणि रिक्षाने घरी आले.

आता आपण मला दिलेल्या ‘आरटीओमान्य’ प्रमाणपत्राविषयी. ते आपल्या लेटरहेडवर असून त्यावर शिक्काही आपलाच आहे. त्यावर प्रादेशिक परिवहन कार्यालयाचा क्रमांक नाही, की एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त चाचणी संस्थेच्या अहवालाचा उल्लेख नाही. एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. आपल्याला ती दूर नव्हती. याविषयी विचारल्यावर आपल्या प्रतिनिधीने सांगितले की आरसीमध्ये ग्राउंड क्लिअरन्स छापलेला नसतो, म्हणून परवानगीचा प्रश्नच येत नाही. पण मोटार वाहन अधिनियम, 1988 चे कलम 52 हे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांशी विसंगत फेरफाराला मनाई करते, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला आहे. कलम 182अ नुसार परवानगी नसलेला फेरफार केल्यास प्रत्येक फेरफारामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. आणि त्या पोटकलमात नाव आहे ते गाडीच्या मालकाचे. म्हणजे कागद आपण दिला, पैसे आपण घेतले, आणि रस्त्यावर अडवले तर उत्तर मी द्यायचे. हे मला विक्रीच्या वेळी सांगायला हवे होते. ते कळले असते तर मी हे काम करवून घेतलेच नसते.

खोक्यात सोबत एक जर्मन भाषेतला तपासणी अहवालही होता आणि ‘टीयूव्ही पास’ (टीयूव्ही म्हणजे जर्मनीतील तांत्रिक तपासणी संस्था) म्हणून आपण त्याची बरीच जाहिरात करता. माझा मावसभाऊ श्टुटगार्टजवळ राहतो. त्याने तो मला फोनवर वाचून दाखवला. तो अहवाल चारही स्प्रिंगांच्या पूर्ण संचाला लागू आहे, बसवल्यानंतर अलाइनमेंट आणि दिव्यांची पातळी तपासण्याची अट त्यात घातलेली आहे, आणि तिकडे असे काम झाल्यावर गाडी अधिकृत तपासनिसाकडे नेऊन दाखवावी लागते. ज्या कागदाच्या जोरावर आपण माल विकता, त्यातली एकही अट आपण पाळली नाही. त्या कागदाचे भारतात कायदेशीर वजन काय, हा तर आणखी पुढचा मुद्दा.

18 नोव्हेंबरच्या माझ्या ईमेलला आपण दिलेल्या उत्तरात ‘ग्राहकाने क्षमतेपेक्षा अधिक वजन टाकल्याने स्प्रिंग जागेवरून हलली असावी’ असे म्हटले आहे. वजनाने स्प्रिंग दबते. तिला ग्राइंडरचा काप पडत नाही.

गाडी आता मी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधून मूळ स्थितीत आणली आहे. पुढे खोक्यातल्या जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. मागच्या दोन नव्या घ्याव्या लागल्या, त्यांचे 4,600 रुपये, मागच्या दोन शॉकअपचे 6,400, दिव्यांच्या व चाकांच्या जुळवणीसह मजुरी 3,200 आणि पुढच्या दोन टायरचे 10,800 रुपये झाले. आपल्याला दिलेले 31,500 धरून एकूण 56,500 रुपये होतात. ही संपूर्ण रक्कम, आणि माझ्या मूळ स्प्रिंगा आपल्या केंद्रात कोणाच्या सूचनेवरून कापल्या याचा लेखी खुलासा, हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत मिळावा. मागचा संच त्या दिवशी आपल्याकडे शिल्लक नव्हता, एवढेच कारण असेल तर तेच लिहावे. मी आठवडाभर थांबले असते. याच तारखांना आपल्या केंद्रात ज्यांच्या गाड्या खाली झाल्या, त्यांनाही बोलावून मागच्या स्प्रिंगा तपासून द्याव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

मुदतीत समाधानकारक उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 अन्वये पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करीन. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद यापूर्वीच केली आहे.

आपल्या पुढच्या दोन स्प्रिंगा परत न्यायला कोणी येणार असल्यास एक दिवस आधी कळवावे. मागच्या कापलेल्या दोन मात्र मी देणार नाही. सर्व्हिस सेंटरच्या शेऱ्यासह त्या माझ्याकडे पिशवीत बांधून ठेवल्या आहेत. आपल्या प्रतिनिधीला त्या माझ्या समोर पाहता येतील.

आपली,
(स्वाक्षरी)
ग्राहक

सोबत : पावती, जॉब कार्डाच्या दोन्ही बाजूंची प्रत, आपण दिलेले प्रमाणपत्र, सर्व्हिस सेंटर व टायर दुकानाची बिले, कापलेल्या स्प्रिंगांची सहा छायाचित्रे.