शोषखड्डा जिथे चालत नाही

संपादक महोदय,
आर्क्टिकमधील गावांवरील आपल्या पुरवणीतील लेख वाचला. इतक्या श्रीमंत देशांना तिथे साधे गटार टाकता येऊ नये, असा त्याचा सूर होता. तिथे गटार साधे नसते, एवढेच सांगायचे आहे.

आपल्याकडे मैलापाणी जमिनीत जिरते आणि उबेत कुजते. सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्याचे सारे गणित या दोन गोष्टींवर आहे. तिथे बारमाही गोठलेल्या जमिनीत पाणी जिरत नाही आणि थंडीत जिवाणूंचे काम जवळपास थांबते. पाइप पुरावा, तर मैलापाण्याच्या उबेने भोवतीचा बर्फ वितळतो, जमीन खचते, पाइपला झोल पडतो आणि उतार जातो. झोलात साचलेले पाणी पुढच्या हिवाळ्यात तिथेच गोठते. म्हणून कॅनडातील इनुविकमध्ये पाण्याचे आणि मैल्याचे पाइप जमिनीच्या वर, खांबांवरच्या बंद पेटीतून नेले आहेत. इतरत्र एचडीपीई या टणक प्लास्टिकच्या पाइपभोवती ऊब धरून ठेवणारा पॉलियुरेथेन फोम, वर कवच आणि सोबत विजेवर तापणारी तार घालतात. ही वीज बहुधा डिझेल जनरेटरची. खर्च कुठे जातो, ते यावरून कळावे.

कॅनडाच्या उत्तरेकडील नुनावुत प्रदेशाच्या 25 गावांपैकी एकही दुसऱ्याशी रस्त्याने जोडलेले नाही. बहुतेक ठिकाणी टँकरच पाणी आणतो आणि टँकरच मैला नेतो. घरात दोन टाक्या असतात; मैल्याची टाकी पाण्याच्या टाकीहून मोठी. ती भरली की आतला तरंगता खटका (फ्लोट स्विच) पाण्याचा पंप बंद करतो, नाहीतर मैला घरात उलटेल. म्हणजे हिमवादळात उपसा टँकर अडकला, तर पाण्याची टाकी भरलेली असूनही नळ कोरडा! दुसरा नेहमीचा बिघाड व्हेंट पाइपचा, म्हणजे छतावर हवा सोडणाऱ्या नळीचा. वर जाणारी वाफ तोंडाशी गोठते, पाइप बुजतो, ट्रॅपमधले, म्हणजे वास अडवणाऱ्या वाकड्या नळीतले पाणी ओढले जाते आणि घरात वास सुटतो. छतावरचा भाग जाड व्यासाचा आणि फोमने गुंडाळलेला असला, तर हे बरेच टळते.

टँकर रिकामा होतो तो गावाबाहेरच्या तळ्यात. हिवाळाभर तिथे नुसता साठा होतो. शुद्धीकरण काय ते जून ते सप्टेंबर. उन्हाळ्याअखेरीस वरचे पाणी टुंड्राच्या पाणथळ उतारावर सोडतात. तळे वर्षभराच्या साठ्याहून लहान असेल, तर वसंतातच अर्धवट वितळलेला मैला बांधावरून वाहतो. दिसायला हे मागास वाटते, पण पाचशे वस्तीच्या गावात यांत्रिक प्रकल्पापेक्षा मोठे तळे, पक्का बांध आणि वेळेवर गाळउपसा हेच आम्हाला शहाणपणाचे वाटते. पाणी कमी वापरल्याने मैलापाणी दाट असते, टँकरगणिक एकदम येते, ऑपरेटर एखादाच आणि सुटा भाग विमानाने यायचा. कॅनडाने 2012 च्या नियमांत सोडायच्या पाण्यातील सेंद्रिय घाण आणि तरंगते कण यांना प्रत्येकी 25 मिलिग्रॅम प्रतिलिटरची मर्यादा घातली, तेव्हा नुनावुतला त्यातून वगळले, ते उगाच नव्हे.

अमेरिकेच्या अलास्कातील तीसेक गावांत मात्र शौचालय म्हणून अजून 19 लिटरची बादलीच आहे. तिला म्हणतात 'हनी बकेट', म्हणजे मधाची बादली! अशा घरांत माणशी रोजचे पाणी सहा लिटरच्या आसपास. श्वसनाचे आणि त्वचेचे आजार तिथे जास्त, कारण हात धुवायलाच पाणी पुरत नाही. आपल्या लेखात घरोघरच्या शौचालयांची मोजणी होती. माणशी लिटरचा आकडा कुठेच नव्हता.

– दोन मलनिस्सारण अभियंते, पुणे