वृद्धांना सीपीआर: हात का थबकतात?

संपादक महोदय,

वयस्कर माणूस अचानक कोसळला की सीपीआर द्यायला, म्हणजे हृदय बंद पडल्यावर छाती दाबून रक्त फिरते ठेवायला, धावलेले हात दोन शंकांनी थबकतात. कुणी म्हणते, ‘श्वास चालू आहे.’ कुणी म्हणते, ‘छाती दाबू नका, बरगड्या मोडतील.’ या दोन वाक्यांपायी मोलाची मिनिटे जातात.

आधी श्वासाबद्दल. हृदय बंद पडल्यावर पहिली काही मिनिटे रुग्ण आचके देऊ शकतो. जबडा खाली ओढला जातो, घशात घरघर होते, मग बराच वेळ काहीच नाही. याला श्वास समजू नये. हाकेला ओ नाही आणि श्वास नेहमीसारखा नाही, एवढे दिसले की पुरे. नाडी शोधत बसू नये, सरावलेली बोटेही तिथे फसतात. एकाने रुग्णवाहिका बोलवावी, दुसऱ्याने छाती दाबायला घ्यावी.

गादी मऊ असेल तर रुग्णाला जमिनीवर घ्यावे, नाहीतर अर्धा जोर गादीच खाते. मनगटालगतचा तळवा छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर ठेवावा. कोपरे ताठ, मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंमी. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यावी. तिच्यावर रेलून राहिले तर हृदयात रक्त नीट भरत नाही. तोंडाने श्वास द्यायला शिकलेले असाल तर ३० दाबांनंतर २ श्वास. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदलावा, कारण थकलेले हात उथळ दाबू लागतात आणि ते दाबणाऱ्याच्या लक्षात येत नाही.

बरगड्या मोडतात, हे खरेच आहे. उतारवयात हाडे ठिसूळ होतात, कूर्चा कडक होते, आणि सुरुवातीच्या दाबांतच तळव्याखाली ‘कट्’ असे जाणवते. धीर सुटतो तो इथेच. अशा वेळी हात मधल्या हाडावरच आहे ना, हे पाहावे आणि दाबत राहावे. त्यानंतर छाती मऊ लागते, म्हणून भरात ६ सेंमीच्या पुढे मात्र जाऊ नये. मोडलेली बरगडी पुढे सांधते.

घट्ट बसलेली कवळी तोंडातच राहू द्यावी, तिच्या आधाराने श्वास देण्याचा मास्क नीट बसतो. सैल कवळी काढावी. गळपट्टीच्या हाडाखाली पेसमेकरचा उंचवटा दिसला तर एईडीचा (हृदयाला विजेचा शॉक देणाऱ्या स्वयंचलित यंत्राचा) पॅड त्यापासून किमान ८ सेंमी दूर लावावा. पॅडच्या जागी औषधाची पट्टी असेल तर ती काढून त्वचा पुसून घ्यावी. यंत्राने शॉकची गरज नाही असे सांगितले, तर सगळे संपले असे समजून थांबू नये. हृदय बंद पडण्याचा शॉकने न सुधारणारा प्रकार वृद्धांत अधिक आढळतो. तिथे लगेच पुन्हा छाती दाबायची असते.

आता निकालाबद्दल. रुग्णालयात हृदय बंद पडून सीपीआर मिळालेल्यांपैकी सत्तरीतले शंभरात सुमारे १८ ते १९, ऐंशीतले १५ आणि नव्वदीपुढचे ११ ते १२ जण जिवंत बाहेर पडतात. म्हणजे नुसत्या वयावरून कुणाचीही आशा सोडता येत नाही. आमच्या मते, कोसळण्याआधी तो माणूस कसा होता हे जास्त महत्त्वाचे. स्वतःच्या पायांनी फिरणारी पंचाऐंशीची व्यक्ती आणि अंघोळीपासून जेवणापर्यंत सगळ्याला मदत लागणारी, बऱ्या न होणाऱ्या आजाराने खंगलेली सत्तरीतली व्यक्ती, यांत दुसरीची शक्यता फारच थोडी. वाचलेच तर मेंदूला इजा होऊन आणखी परावलंबी होण्याचाही धोका असतो.

म्हणूनच सीपीआर हवा की नको, हे त्या व्यक्तीलाच, ती शुद्धीवर आणि शांत असताना, डॉक्टरांच्या समोर विचारावे. मुलांनी परस्पर ठरवू नये. नकोचा अर्थ उपचार बंद असा होत नाही. प्रतिजैविके, ऑक्सिजन, वेदनाशामके सगळे चालू राहते. ठरलेले डॉक्टरांकडून नोंदवून घ्यावे आणि तो कागद घरात सर्वांना ठाऊक असलेल्या जागी ठेवावा. रुग्णवाहिकेतल्या पथकाला तो दिसला नाही, तर ते छाती दाबायला सुरुवात करणारच.

आपले,
अतिदक्षता विभागात काम करणारे काही डॉक्टर