मदतीची खरेदी आधी जिल्ह्यात होऊ द्या

मा. जिल्हाधिकारी, ठाणे
यांस,

सविनय नमस्कार.

जून जवळ आला की ठाणे, ऐरोली, वाशी भागातल्या संस्था आणि कंपन्या मदतीच्या तयारीला लागतात. शाळा उघडताना शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर दप्तरं, वह्या, गणवेश, छत्र्या जातात. पुढे कुठे पूर आला की शिधा, चादरी, सतरंज्या. देणाऱ्यांच्या मायेबद्दल मला तिळमात्र शंका नाही. माझं म्हणणं आहे ते खरेदीबद्दल. पाड्यावर वाटला जाणारा गणवेश त्याच तालुक्यात शिवून मिळू शकतो, हे खरेदी करणाऱ्याच्या ध्यानीमनीही नसतं.

मी बचत गटांचे हिशेब लिहायला मदत करते. शहापूर तालुक्यातल्या एका गटाचं काम मी जवळून पाहिलं आहे. ग्रामपंचायतीने दिलेली खोली, भिंतीलगत पायमशिनी, एक ओव्हरलॉक. कापड भिवंडीचं, बटणं-दोरा कल्याणहून आणलेला. या बायका शाळेच्या हाफ पँटच्या खिशाला दुहेरी शिलाई मारतात, कारण पोरं त्यात बोरं-चिंचा कोंबतात आणि खिसा आधी उसवतो, हे त्यांना सांगावं लागत नाही. पट्टा सैल झाला तर तीच बाई दुसऱ्या दिवशी तो आवळून देते.

या गटाने एका मोठ्या देणगीदाराकडे गणवेशाचं कोटेशन दिलं होतं. भाव बसत होता, नमुनाही पसंत पडला होता. मग फॉर्म आला: जीएसटी क्रमांक, तीन वर्षांचे ताळेबंद, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं. वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. कायदा जे मागत नाही ते खरेदी विभाग मागतो, आणि काम बाहेर जातं. दुसरी अडचण पैशांची. कापड रोखीने घ्यायचं आणि बिल निघायला तीन-तीन महिने थांबायचं, हे गटाला झेपत नाही. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उपक्रम कायद्याप्रमाणे नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, पुढे व्याज चढतं. पण हे गटाला ठाऊक नसतं, आणि ठाऊक असलं तरी गिऱ्हाईक तुटेल म्हणून कुणी बोलत नाही.

साहेब, हा पेच जगभर आहे. गरीब किंवा युद्धाने मोडलेल्या देशांत मदतसंस्था उतरतात, पैसा त्या देशाच्या नावाने खर्च होतो आणि माल मात्र बाहेरून येतो. तिथला सुतार, शिंपी, धान्यवाला नुसता बघत राहतो. यावर काही ठिकाणी फार शहाणी कामं झाली. पीस डिव्हिडंड ट्रस्ट या संस्थेने अफगाणिस्तान, पूर्व तिमोर आणि हैतीमध्ये स्थानिक धंदेवाल्यांच्या याद्या केल्या, त्यांची खातरजमा केली आणि मदतसंस्थांच्या निविदा त्यांच्यापर्यंत पोचवल्या. संयुक्त राष्ट्रांच्या जागतिक अन्न कार्यक्रमाने २००८ पासून २० देशांत छोट्या शेतकऱ्यांच्या गटांकडून धान्य घेण्याचा प्रयोग केला. टांझानियात अरुशा इथे जपानी कंपनीचं तंत्र घेऊन मलेरियाविरोधी मच्छरदाण्या बनू लागल्या आणि हजारो हातांना काम मिळालं. मच्छरदाणी वाटली तर ताप टळतो. ती तिथेच विणली तर पगारही येतो.

आणि महाराष्ट्राला हे नवीन नाही. १९७२ च्या दुष्काळात आपण नुसतं धान्य वाटून थांबलो नाही, कामं काढली. ‘मागेल त्याला काम’ या तत्त्वाचा कायदा १९७७ साली याच राज्याने केला, आणि तो राबवण्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर दिली. मदत मजुरीच्या रूपाने हातात पडली तर ती घरात टिकते, ही आपल्याच अनुभवातली गोष्ट आहे.

आज कंपनी कायद्याचं कलम १३५ मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायला सांगतं आणि आपल्या परिसराला प्राधान्य द्या म्हणतं. माल कुठून घ्या, याबद्दल ते गप्प आहे. केंद्राच्या खात्यांना आणि सार्वजनिक उपक्रमांना २५ टक्के खरेदी छोट्या उद्योगांकडून करावी लागते; खासगी देणगीदारांना तसं बंधन नाही. म्हणून आपला शब्द इथे मोलाचा ठरेल.

भाव, दर्जा, वेळ यांचे आक्षेप येतील, आणि ते यायलाच हवेत. महाग किंवा हलका माल केवळ ‘आपला’ म्हणून घ्या, असं मी म्हणत नाही. त्याचं नुकसान शेवटी पाड्यावरच्या मुलाला होतं. पूर आल्यावरही सरसकट नियम चालणार नाही. जुलै २०२१ मध्ये चिपळूणची बाजारपेठच पाण्याखाली गेली, तिथे पहिले दिवस बाहेरून माल आणणं भागच होतं. पण चिखल काढून दुकानाचं शटर वर गेलं, की फुकटचे ट्रक थांबवून पूरग्रस्तांच्या हाती रोख रक्कम द्यावी, म्हणजे दुकानदारही उभा राहतो.

माझी मागणी एवढीच आहे. जिल्हा उद्योग केंद्र, ‘उमेद’ (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांना एकत्र बसवून सातही तालुक्यांतल्या गटांची आणि लघुउद्योगांची तपासलेली यादी करा: कोण काय बनवतं, महिन्याला किती देऊ शकतं, नमुना कुणी पाहिला. पावसाळ्याआधी चादरी, पिशव्या, शिधा, गणवेश यांचे दर ठरवून ठेवा. जिल्ह्यात मदत वाटायला येणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या हातात ही यादी द्या आणि ‘आधी इथे भाव विचारा, निम्मी रक्कम आगाऊ द्या’ असं लेखी आवाहन करा. कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्ट्यांवर निघतात; गणवेशाची ऑर्डर त्याआधी हाती आली तर शिवणकाम येणाऱ्या काही बायका तरी गावातच थांबतील. त्यासाठी ती मे महिन्यात नव्हे, ऑक्टोबरातच निघायला हवी.

यादीसाठी गावोगाव फिरायला, गटांची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारी नोंद, करून द्यायला आम्ही काही जणी शनिवार-रविवार यायला तयार आहोत. आपण बैठकीची तारीख कळवावी.

आपली नम्र,
बचत गटांची एक हिशेबनीस, ठाणे