रायबंदरच्या बेकरीतल्या आंटींना

आंटी, तुम्ही देवनागरी वाचत नाही, तुमचं सगळं रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या कोंकणीत, म्हणून हे तुमच्या मुलाने वाचून दाखवायचं असं मी त्याला आधीच सांगून ठेवलंय. परवा सकाळी निघताना नुसतं "देव बरें करूं" म्हटलं आणि धावत बस पकडली. तेवढ्याने भागत नाही. दोन दिवस झाले, रात्री डोळे मिटले की पिठाने पांढरे झालेले तुमचे हात दिसतात, शेवटी लिहायलाच बसले.

त्या रात्री रडता रडता मी तुम्हाला धड काही सांगितलंही नव्हतं. जुन्या गोव्यात चर्चासत्र होतं, माझा पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्याच सत्रात, आणि राहायची सोय करतो असं आयोजकांनी महिनाभर आधी कळवलेलं. संध्याकाळी पोचले तर यादीत नावच नाही. ठीक आहे, चूक होते माणसाकडून. पण तिथले एक सर म्हणाले, "तुम्ही गोव्याच्याच ना, मग घरी जा आणि सकाळी या." माझं घर पेडण्यात, गोव्याच्या पार उत्तर टोकाला, बाहेर आषाढातला पाऊस, सात वाजून गेलेले. बाहेरगावच्या पाहुण्यांसाठी गाडी उभी होती, खोल्या होत्या, आणि घरच्या पोरीला मात्र गेट. इथल्या भाषेवर, इथल्या माणसांवर वर्षानुवर्षं भाषणं देणारी ही मंडळी, एकालाही विचारावंसं वाटलं नाही की ही आता जाणार कशी. हे मला अजून बोचतंय.

रायबंदरला मैत्रिणीची खोली आहे म्हणून तिथे उतरले तर खोलीला कुलूप आणि तिचा फोन बंद. तुमच्या पत्र्याखाली उभी राहून बॅग उघडली आणि हातपायच गळाले. 62 पानं, सगळी एकमेकांना चिकटून ओला गठ्ठा झालेली.

ती पानं कसली होती ते आता सांगते. 1556 साली जुन्या गोव्यात छापखाना आला, तो खरं तर पुढे ॲबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला जायचा होता पण इथेच राहिला, आणि ज्या सेंट पॉल कॉलेजात तो चालायचा त्याची आज एक कमान तेवढी उभी आहे. इंग्लंडचा फादर स्टीफन्स 1579 मध्ये इकडे आला, मराठी शिकला आणि त्याने ख्रिस्ताची कथा सांगणारं क्रिस्तपुराण लिहिलं, अकरा हजारांच्या आसपास ओव्या. 1616 मध्ये रायतूरला ते छापलं, नंतर 1649 आणि 1654 ला परत छापलं, पण या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज कुठे सापडत नाही. ते आपल्यापर्यंत आलं कारण कुणीकुणी ते हाताने उतरवून घेतलं. अशाच हस्तलिखितांतले पाठभेद मी दोन वर्षं ग्रंथालयात बसून उतरवत होते. तिथे फोटो काढू देत नाहीत, पेनसुद्धा आत नेऊ देत नाहीत, फक्त शिसपेन्सिल. या नियमाचा मी किती राग राग केला होता, पण शाई असती तर त्या पावसात सगळं पुसून गेलं असतं. अक्षर शाबूत होतं, कागद सुटत नव्हते.

तुम्ही बाहेर आलात, "कितें जालें बाय?" म्हणालात, आणि मी काही बोलायच्या आत "भितर यो". नाव नाही विचारलं, गाव नाही, कुणाची कोण काही नाही. चहा दिलात, कोरडा टॉवेल दिलात, हे सगळं मोठंच आहे पण मला सांगायचंय ते त्याच्या पुढचं. मी एक पान ओढलं आणि ते कोपऱ्यात फाटलं, तसा तुम्ही माझा हात धरलात. पीठ कापायची ती पातळ पट्टी आणलीत, तिने एकेक पान हळूच सुटं केलंत, आणि पोईवर, त्या गोल पावावर भुरभुरवता तो कोंडा मूठभर घेऊन दोन पानांच्या मध्ये पसरलात. पोया एकमेकांना चिकटू नयेत म्हणून कोंडा लावतात, तसंच. मग भट्टीजवळच्या फळ्यांवर सगळी पानं मांडलीत, मध्येमध्ये येऊन परतत राहिलात, ओला झालेला कोंडा झटकून नवीन घातलात. तुम्हाला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. आणि त्या फळ्या रिकाम्या नव्हत्या हो, पीठ फुगायला ठेवायच्या फळ्या त्या, माझ्या कागदांनी तीन फळ्या अडवल्या म्हणून तुमच्या मुलाने उंडे पाव पोत्यावर कापड टाकून मांडले, आणि त्यावर घरात कुणी एक शब्द बोललं नाही. धंद्याची ऐन वेळ ती, पहाटे दारोदार पाव विकणारे पोदेर सायकलला पाट्या बांधून निघायचे होते.

पहाटे पानं कुरकुरीत झाली होती, थोडी वाकडी, पण 62 च्या 62. मैद्याच्या प्लॅस्टिक पिशवीत गुंडाळून सुतळीने बांधून दिलीत, वर दोन गरम पोया.

पेपर वाचताना पान उलटलं की टेबलावर कोंडा पडायचा. अध्यक्ष मॅडमनी विचारलं हे काय, मी म्हटलं रायबंदरच्या बेकरीतला आहे, आणि माझा आवाजच भरून आला. प्रश्न बरेच आले, चांगले आले. ते सर पुढच्या रांगेत होते, नंतर येऊन "छान झालं" म्हणाले. मी नुसती मान हलवली, मला त्यांच्याशी बोलावंसं वाटलं नाही.

आईला सगळं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, आपली आजी पण अशीच होती, पावसात दारात कोणी उभा असला की आधी आत घ्यायची, जातपात नंतरसुद्धा नाही विचारायची. खरंच आंटी, अशी माणसं आहेत म्हणून माझ्यासारख्या पोरी एकट्या घराबाहेर पडू शकतात.

पानांत अजून कोंडा आहे, मी झाडलेला नाही. येत्या रविवारी आईला घेऊन येतेय. सकाळी नको, रात्रभर जागून तुम्ही झोपलेल्या असाल, दुपारच्या भट्टीच्या वेळेला येतो. आईने पेडण्याचे फणस काढून ठेवलेत तुमच्यासाठी, आणि आमच्यासाठी आठ पोया बाजूला ठेवा.